नमुना तपासल्याशिवाय

जालन्याच्या एमआयडीसीत रात्र पुरती काळोखी कधी होत नाही. भट्ट्यांच्या छपरांखालून तांबूस उजेड बाहेर पडत असतो, रोलिंग मिलमधून लालभडक सळया सरकत जातात आणि भंगाराने भरलेले ट्रक वजनकाट्यापाशी आपल्या पाळीची वाट पाहत उभे असतात. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या वैभवातून आली. आजच्या जालन्याची ओळख मात्र बियाण्यांनी आणि लोखंडी सळयांनी घडवली आहे. याच वसाहतीत एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. भंगार वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि बिलेटपासून सळई काढायची, हा तिथला अहोरात्र चालणारा क्रम.

या कारखान्याला मालकांच्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता. भट्टीतला रस साधारण १६०० अंशांवर पोहोचला, की लांब दांड्याच्या पळीने त्यातला थोडासा काढायचा, लहानशा साच्यात थिजवायचा, घासून त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि तपासणीच्या यंत्राखाली ठेवायचा. काही मिनिटांत कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण समोर येते. आयएस १७८६ या मानकानुसार ‘एफई ५००’ प्रतीच्या सळईत कार्बन ०.३० टक्क्यांहून अधिक चालत नाही. आकडे बसले तरच भट्टी ओतायची. रस डोळ्यांना कितीही चांगला दिसो, मिस्त्रीला कितीही खात्री वाटो, गिऱ्हाइकाचा ट्रक दारात कितीही वेळ ताटकळत असो. नमुना तपासल्याशिवाय निकाल नाही. वडिलांच्या मागे शेठजींनी हा नियम कसोशीने पाळला. नव्या कामगाराला तो ते स्वतः समजावून सांगत.

ही हकीकत त्याच शेठजींच्या जुन्या डिझेल गाडीची आहे.

गाडी २०१२ साली घेतलेली. पुढे घरात नवी मोटार आली आणि ही गाडी कारखान्याच्या कामाला लागली. बँक, वीज मंडळाचे कार्यालय, पाहुण्यांना रेल्वे स्टेशनवरून आणणे, शेठजींच्या वृद्ध आईंना दवाखान्यात नेणे, अशी सगळी धावपळ तिच्याकडे होती. चालवणारे एकच गृहस्थ, सतरा वर्षे शेठजींकडे कामाला असलेले. बदनापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ते रोज सायकलने आणि पुढे मोटारसायकलने येत. सारा कारखाना त्यांना ‘मामा’ म्हणत असे. शेठजीही मामाच म्हणत. लहानपणी मामांच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते. झडपेची दांडी उचलून दाब मोकळा करायचा, हँडल जोराने फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि नेमक्या क्षणी दांडी सोडायची, म्हणजे इंजिन धडधडू लागे. हिवाळ्यात तेच इंजिन चार जणांना घाम फोडी. त्यामुळे डिझेल आणि थंडी यांचे वैर मामांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

दिवाळीनंतर कारखान्याच्या हिशेबनिसाने शेठजींसमोर एक कागद ठेवला. गाडी पूर्वी लिटरमागे अठरा-एकोणीस किलोमीटर जात होती; आता ती साडेचौदाच्या पुढे सरकत नव्हती. फिरणे तेवढेच आणि डिझेल मात्र जवळपास सव्वापट. हिशेबनीस काही बोलला नाही, पण कागद ठेवून तो क्षणभर थांबला. त्या थांबण्यातच सगळे आले. एमआयडीसीत डिझेल काढून विकणाऱ्या चालकांच्या गोष्टी चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतात. शेठजींनी त्या दिवशी संध्याकाळी मामांना बोलावले आणि चार माणसांदेखत विचारले,

“मामा, डिझेल जातं कुठं?”

मामांनी एकदा शेठजींकडे पाहिले, एकदा हिशेबनिसाकडे. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“उद्यापासून येत नाही शेठ,” एवढेच म्हणाले आणि गेले.

शेठजींना त्या उत्तरात कबुली दिसली. निर्दोष माणूस भांडला असता, असे त्यांनी घरी आईंना सांगितले. आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा तरुण चालक कामावर आला. पंधरा दिवसांनी हिशेब पाहिला तेव्हा सरासरी साडेचौदाच होती. शेठजींनी तो कागद बाजूला ठेवला. नवा मुलगाही तसाच निघाला, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीने जोर धरला. मराठवाड्याची थंडी कोरडी. दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अशाच एका पहाटे साडेचारला आईंना दम लागला. नेहमीचे औषध ओढूनही श्वास बसेना. नवी मोटार घेऊन मुलगा पुण्याला गेलेला. शेठजी धावत अंगणात गेले आणि त्यांनी जुन्या गाडीला सेल्फ मारला. इंजिन जडपणे फिरले, फिरत राहिले, पण पेटले नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एक हुंदका, मागून पांढऱ्या धुराचा लोट आणि पुन्हा शांतता. पाचव्या प्रयत्नानंतर बॅटरीतून नुसती टकटक ऐकू येऊ लागली. अखेर शेजाऱ्यांना उठवावे लागले आणि त्यांच्या गाडीतून आईंना दवाखान्यात न्यावे लागले. वीस मिनिटे वाया गेली. दैव बरे म्हणून त्या वीस मिनिटांची फार मोठी किंमत मोजावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईंना बोलता येऊ लागले, तेव्हा त्यांनी सहज म्हणावे तसे म्हटले,

“मी पहाटे सामायिकेला बसायची ना, तेव्हा त्या गाडीचा आवाज कानावर यायचा. थंडी पडल्यापासून मामा तासभर आधी यायचा. तीन-चारदा सेल्फ मारायचा, गाडी चालू करून गरम करून ठेवायचा. आपल्याला निघायच्या वेळी खोळंबा नको म्हणून. त्यानं तुला कधी सांगितलं नव्हतं का रे?”

शेठजी म्हणाले, “नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “आठवत नाही.”

गाडी आधी एका मोठ्या गॅरेजमध्ये गेली. तिथे डॅशबोर्डखालच्या खाचेत संगणक जोडण्यात आला आणि पडद्यावर ‘पी ०२९९’ असा संकेत उमटला. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो, असा त्याचा अर्थ. तेथील माणसाने तत्काळ निदान केले: टर्बो गेला, तो बदलावा लागेल, सकाळी चालू होत नाही, त्याअर्थी इंजेक्टरही गेले असणार. खर्चाचा अंदाज गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाणारा होता. शेठजी गाडी भंगारात काढण्याच्या विचारापर्यंत आले. त्यांच्या स्वतःच्याच भट्टीत ती वितळली असती.

कारखान्यातल्या जुन्या फिटरने त्यांना थांबवले. अंबड चौफुलीकडे एका छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्या उस्तादांचे नाव त्याने सुचवले. शेठजी स्वतः गाडी घेऊन गेले. उस्तादांनी बॉनेटला हात लावण्याआधी तीनच प्रश्न विचारले. दोष कधीपासून आहे? आधी काय सुरू झाले, सकाळचा त्रास की पिकअप कमी होणे? आणि त्याच्या आधी गाडीचे कोणते काम केले होते?

शेठजींना एकाचेही उत्तर देता आले नाही.

“गाडी कोण चालवतं?” उस्तादांनी विचारले. “त्याला घेऊन या. अर्धा आजार तोच सांगेल.”

“तो आता कामावर नाही,” शेठजी म्हणाले.

“मग रात्रभर गाडी इथंच राहू द्या. थंडीतला आजार थंडीतच दिसतो. उन्हात तपासून उपयोग नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शेठजी शेडवर हजर झाले. वास्तविक त्यांनी तिथे थांबण्याचे कारण नव्हते. पण आईंचा प्रश्न त्यांच्या मनातून जात नव्हता.

उस्ताद काम करता करता बोलत होते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, तोच प्रकार इथे शतपटीने घडतो. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पटींनी दाबली, की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १८९३ साली मिळाले आणि त्याचे यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. मूळ तत्त्व आजही तेच आहे. मात्र इंजिनाचे लोखंड थंड असले, की ते दाबलेल्या हवेची उष्णता पिऊन टाकते. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग असतो. किल्ली फिरवली, की काही क्षणांत त्याचे टोक आठशे अंशांच्या वर तापते आणि पहिल्या पेटीला आधार देते. नव्या, घट्ट दाबाच्या इंजिनाला दहा अंशांच्या थंडीत त्याची फारशी गरज भासत नाही. जुन्याला भासते.

“म्हणजे सकाळी गाडी चालू व्हायला चार गोष्टी लागतात,” उस्ताद म्हणाले. “फिरण्याचा वेग, उष्णता, डिझेल आणि दाब. एकेक बघू. आधी स्वस्तातली.”

मल्टिमीटरच्या तारा बॅटरीला लागल्या. बॅटरी रात्रभर चार्जरवर असूनही स्थिर अवस्थेत १२.४ व्होल्ट दिसत होते. सेल्फ मारताच काटा ८.८ वर कोसळला. तो दहाच्या आसपास टिकायला हवा. बॅटरी थकलेली होती. इंजिन हळू फिरले, की हवा पुरती तापत नाही. शिवाय आजच्या डिझेल गाड्यांत नळीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. शेठजींना वाटले, दोष सापडला. उस्तादांनी दुसरी चांगली बॅटरी जोडली. इंजिन आता झपाझप फिरले, स्कॅनरवर इंधनाचा दाब पाहता पाहता अडीचशे बारच्या वर गेला आणि गाडी चालू झाली. पण थरथरत, आचके देत, पांढरा धूर ओकत.

“पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल,” उस्ताद म्हणाले. “डिझेल आत येतंय, पण पेटत नाही. म्हणजे इंधन पोहोचतंय, उष्णता पोहोचत नाही.”

त्यांनी ग्लो प्लगांच्या तारा सोडवल्या आणि एकेकाचा रोध मोजला. चांगल्या प्लगचा रोध ओहमभर असतो, तुटलेल्याचा अनंत. चारपैकी तीन प्लग मेलेले होते.

“पण किल्ली फिरवली की प्लगचा पिवळा दिवा तर लागतो,” शेठजी म्हणाले.

“दिवा लागला म्हणजे प्लग तापला असं नाही, शेठ. या गाडीत तो दिवा नुसता वेळ मोजतो. प्लग तापला का, हे प्लगलाच विचारावं लागतं.”

प्लग बदलण्याची घाईही उस्तादांनी केली नाही. वर्षानुवर्षे काजळीत रुतलेला प्लग थंड इंजिनात जोर लावून फिरवला, तर तो आतच तुटतो आणि हजाराचे काम पन्नास हजारांवर जाते. त्यांनी इंजिन गरम होऊ दिले, आट्यांवर तेल सोडले आणि जरा पुढे, जरा मागे करत एकेक प्लग उकलला. मग चार बाटल्या लावून चारही इंजेक्टरांतून परत येणारे डिझेल मोजले. चौघांचे प्रमाण जवळपास सारखे होते. पारदर्शक नळी जोडून इंधनात हवेचे बुडबुडे येतात का, तेही पाहिले, आले नाहीत. म्हणजे इंजेक्टर निर्दोष. नवे प्लग बसले, बॅटरी बदलली आणि गाडी पुन्हा एक रात्र उघड्यावर राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झाले. धुराची एक पुसट रेघ उमटली आणि विरली.

सकाळचा आजार सुटला होता. पिकअपचा मात्र तसाच होता. पहिला आजार बरा झाला म्हणून दुसराही त्याच औषधाने जाईल, असे उस्तादांनी गृहीत धरले नव्हते. ते गाडी घेऊन महामार्गावर निघाले. शेठजी शेजारी बसले. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये उस्तादांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. गाडीने ओढ घेतली नाही. बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली आणि मागच्या आरशात काळ्या धुराचा पट्टा दिसला.

शेडवर परतल्यावर एअर फिल्टर उघडला. भट्ट्यांच्या परिसरातल्या काळ्या धुळीने तो माखलेला होता. एमआयडीसीत फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या अंतराची वाट न पाहता बदलावा, असे सांगून उस्तादांनी नवा बसवला आणि पुन्हा चक्कर मारली. किंचित फरक पडला. शिट्टी कायम होती. टर्बोचा पंखा त्यांनी बोटाने फिरवून पाहिला. तो मोकळा होता आणि हलवून पाहिल्यावर डगमगत नव्हता. मग त्यांनी टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारा हवेचा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद केला, त्यात बेताच्या दाबाने हवा सोडली आणि पंक्चरवाला ट्यूबवर लावतो तसे साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर फिरवले.

इंटरकूलरजवळच्या रबरी नळीवर, क्लिपच्या अगदी कडेला, फेसाचे फुगे उठू लागले.

क्लिप तिरकी बसवलेली होती. तिच्या धारेने नळीला बोटभर चीर पाडली होती. गाडी उभी असताना चीर मिटलेली. टर्बोचा दाब आला, की तेवढ्यापुरती ती उघडे. चिरेभोवती तेलकट काजळीचा डाग होता. पाहणाऱ्याला दिसावा एवढा मोठा, पण पाहण्यासाठी खाली वाकावे लागत होते.

“संगणक खोटं बोलला नव्हता,” उस्ताद हात पुसत म्हणाले. “दाब कमी आहे, एवढंच त्यानं सांगितलं. टर्बो चोर आहे, असं तो म्हणालाच नव्हता. ते माणसानं ठरवलं.”

मग त्यांनी नळीची ती चीर शेठजींसमोर धरली. तोंडाशी असलेला सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि तेवढ्या हवेच्या हिशेबाने संगणक डिझेल सोडतो. मोजलेली हवा मात्र वाटेतच या चिरेतून निसटून जाते. डिझेल जास्त, हवा कमी. म्हणून काळा धूर, म्हणून ओढ नाही आणि म्हणून चालकाला ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागतो.

“ॲव्हरेज पण पडलं असेल,” ते म्हणाले. “किती देते?”

“साडेचौदा. पूर्वी अठरा-एकोणीस द्यायची,” शेठजी म्हणाले आणि जरा थांबून त्यांनी मामांची हकीकत थोडक्यात सांगितली. आपण संशय घेतला, असे ते म्हणाले नाहीत. ‘तसा प्रकार असावा असे वाटले’, असे म्हणाले.

उस्ताद शांतपणे नळी उलगडून पाहत होते.

“चोरलेल्या डिझेलचा धूर निघत नाही, शेठ,” ते म्हणाले. “हे सगळं डिझेल याच इंजिनात गेलंय. फुकट गेलंय, पण इथंच गेलंय.”

नवी नळी बसली. तिची किंमत डिझेलच्या एका टाकीहून कमी होती. जुन्या नळीचा तुकडा शेठजींनी मागून घेतला आणि तो ठेवण्यासाठी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. तिथे गाडीच्या कागदपत्रांखाली एक शाळकरी वही होती.

मामांचे अक्षर मोठे आणि सुटे होते. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. प्रत्येक वेळी डिझेल भरल्याची नोंद, एकही सुटलेली नाही. ऑगस्टअखेरपर्यंत हिशेब काढला तर अठरा ते एकोणीसच्या मध्ये येत होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळ होती: ‘क्लच प्लेट बदलली.’ त्यापुढच्या भरण्यापासून आकडा साडेचौदावर आला आणि तिथेच राहिला. क्लचच्या कामासाठी वाटेत येणारी ती नळी कुणीतरी सोडवली होती आणि परत बसवताना क्लिप तिरकी आवळली होती. चोरी असती तर आकडे रोज वेगळे पडले असते. एका दिवसात खाली उतरून तिथेच स्थिर राहिले नसते. पाच-दहा मिनिटांत कुणालाही कळावे, असे ते होते. वही चार महिने त्याच कप्प्यात होती.

समासात मामांनी बारीक अक्षरांत आणखी काही लिहिले होते. सप्टेंबरमध्ये: ‘चढाला ओढ नाही. शिट्टी वाजते. शेठला सांगितले.’ ऑक्टोबरमध्ये: ‘काळा धूर. शेठला सांगितले.’ थंडी सुरू झाल्यावर: ‘सकाळी तीन सेल्फ. प्लग बघणे. शेठला सांगितले.’

आता शेठजींना आठवले. फोन कानाला लावलेला असताना मामा दारात उभे राहिले होते. आपण हाताने ‘नंतर’ अशी खूण केली होती. एकदा ‘बघू’ म्हटले होते. तिसऱ्या वेळी काय म्हटले, ते मात्र आठवेना. भट्टीतल्या दर घाण्याचा नमुना तपासल्याशिवाय ज्यांच्या कारखान्यात एक किलो लोखंड पुढे सरकत नव्हते, त्यांनी सतरा वर्षांच्या माणसाचा निकाल एका कागदावरून लावला होता. नमुना समोर चालत आला होता, तीनदा. तपासायला सवड नव्हती.

संवत्सरीला अजून सात-आठ महिने होते. त्या दिवशी कारखान्यात सर्वांसमोर हात जोडून, वर्षभरात कळत-नकळत दुखावले असल्यास क्षमा मागण्याची शेठजींच्या घराची रीत होती. तोवर थांबणे सोयीचे झाले असते. पण त्या क्षमेत कुणा एकाचे नाव नसते आणि कोणत्या एका अपराधाचा उच्चारही नसतो. शेठजींना आता दोन्ही घेऊनच जायचे होते. आरोप चार माणसांदेखत झाला होता. म्हणून त्यांनी हिशेबनिसाला बरोबर घेतले आणि तीच गाडी स्वतः चालवत ते बदनापूरच्या वाटेला लागले.

मामा शेतात होते. तुरीची काढणी चालली होती. बांधावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी आधी माणसांकडे नव्हे, इंजिनाच्या आवाजाकडे कान दिला.

“शिट्टी गेली,” ते म्हणाले.

शेठजींनी खिशातून नळीचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. मामांनी चीर अंगठ्याने उघडून पाहिली, मिटवली, पुन्हा उघडली.

“मामा, डिझेल इथून जात होतं,” शेठजी म्हणाले. “तुम्ही तीनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वर चार लोकांत तुम्हाला चोर ठरवलं. माझं चुकलं. मला माफ करा.”

मामांच्या तोंडून बराच वेळ शब्द निघाला नाही. मग त्यांनी विचारले, “आईसाहेब कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. त्यांनीच तुमची आठवण काढली. तुम्ही पहाटे येऊन गाडी गरम करायचात, हे मला ठाऊक नव्हतं.”

“आईसाहेबांना ठाऊक होतं,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण ते वाक्य त्यांनी गिळूनही टाकले नाही. “शेठ, त्या दिवशी मी बोललो नाही, कारण बोलायला वही पाहिजे होती आणि वही गाडीत होती. गाडीची किल्ली तर टेबलावर ठेवून बसलो होतो. आणि सतरा वर्षांनी वही दाखवून पटवायचं असलं, तर मग काय राहिलं?”

हिशेबनीस खाली पाहत उभा होता. थोड्या वेळाने तो पुढे झाला आणि त्याने मामांपुढे हात जोडले. मामांनी ते हात धरून खाली केले.

कामावर परत येण्याचे मामांनी लगेच कबूल केले नाही. तूर काढून झाल्यावर बघू, म्हणाले. ते ‘बघू’ शेठजींनी निमूटपणे ऐकून घेतले. त्या शब्दाचे वजन त्यांना आता ठाऊक होते. निघताना मामांच्या घरच्यांनी चहा केला. सूर्य कलायच्या आत शेठजींना घरी पोहोचायचे असते, हे लक्षात ठेवून मामांनीच त्यांना उठवले.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मामा आले. कुणाशी फारसे न बोलता त्यांनी बॉनेट उघडले, नवी नळी हाताने दाबून पाहिली, क्लिप सरळ बसली आहे का ते वाकून पाहिले आणि कप्प्यातली वही काढली. तिच्यात मधले दिवस कोरे राहिले होते. त्या जागी त्यांनी काही लिहिले नाही. पान उलटून नव्या पानावर सुरुवात केली.

आता दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती वही शेठजींच्या टेबलावर येते. तपासणी यंत्राचे अहवाल आणि मामांची वही ते एकाच बैठकीत वाचतात, समासातला मजकूर आधी. फेब्रुवारीच्या पानावर शेवटची नोंद अशी आहे: ‘सरासरी साडेअठरा. सकाळी पहिल्या सेल्फला चालू. मागचे डावे टायर झिजले आहे. शेठला सांगितले.’

टायर त्याच दिवशी बदलण्यात आला.